'बालकवी' म्हणजे लहान मुलांचे कवी? मराठीच्या पेपरात अशा गमतीदार चुका का होतात?

परीक्षा संपली की उत्तरपत्रिकांतल्या विनोदी उत्तरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. त्यातले काही खरे, काही मुद्दाम बनवलेले. पण साहित्याच्या निबंधात काही चुका अगदी सहज होण्यासारख्या असतात. त्यात परभणी जिल्ह्यातले साहित्यिकही सापडतात.

बी आणि बी. रघुनाथ

'चाफा' ही कविता लिहिणारे कवी 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते (1872-1947). बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी (1913-1953). त्यांचं गाव परभणी जिल्ह्यातलं सातोना. नावातल्या एका 'बी'मुळे गुप्त्यांचा 'चाफा' थेट परभणीत फुलू शकतो!

दोन बहिणाबाई

संत बहिणाबाई 17 व्या शतकातल्या, तुकारामांच्या शिष्या. बहिणाबाई चौधरी (1880-1951) जळगावजवळच्या असोद्याच्या. दोघींची माहिती एकाच उत्तरात लिहिली, तर तुकारामांची शिष्या तब्बल तीन शतकं जगते.

टोपणनावाचा शब्दशः अर्थ

'बालकवी' म्हणजे मुलांसाठी लिहिणारे, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ही पदवी मिळाली, ती त्यांच्या लहान वयामुळे.

एक वेलांटी, एक उकार

'केशवसुत' म्हणजे केशवाचा मुलगा. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून हे नाव घेतलं. 'केशवसूत' लिहिलं की मुलाचा धागा होतो. 'दीन' म्हणजे गरीब, 'दिन' म्हणजे दिवस. त्यामुळे 'दीनांचा कैवारी'मधली वेलांटी चुकली, की तो दिवसांची बाजू घेऊ लागतो.

मग चूक कुणाची?

विद्यार्थी इथे डोकं चालवत नाही असं नाही. जेवढं आठवतं त्यावरून तो अंदाज बांधतो. गाईडमधून नुसती नावं पाठ केली, की माणूस, काळ आणि गाव सुटून जातं. गंगाखेडच्या संत जनाबाईंचंच पाहा. त्या पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींच्या घरी वाढल्या. अभंगांत त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. हा संदर्भ माहीत नसेल, तर कुणी त्यांना नामदेवांची बहीण करून टाकतं. यात गुण जातातच, शिवाय दळण-कांडण करताना स्वतःची कविता रचणाऱ्या बाईची ओळखही पुसली जाते.

चूक कशी टाळायची?

प्रत्येक कवीसोबत तीन गोष्टी लक्षात ठेवा: खरं नाव, शतक आणि गाव. उत्तर लिहून झालं की त्या जुळतात का ते तपासा. आणि कुणाच्या उत्तरपत्रिकेचा फोटो हाती आलाच, तर तो पुढे पाठवू नका. आपल्याला दोन मिनिटं हसू येतं, पण वर्गात त्या मुलाला चिडवणं वर्षभर चालू राहू शकतं.