जुनी आज्ञावली, नवी प्रणाली आणि 'मंगल'

समजा, घाटकोपरच्या एखाद्या शाळेतला जुना संगणक बंद पडला. नव्या संगणकावर विंडोज ११ आहे. प्रश्नपत्रिका टाइप करण्याची मराठी आज्ञावली सीडीवर जपून ठेवलेली असते. ती आपण बसवू पाहतो, तर ही आज्ञावली येथे चालणार नाही अशी सूचना येते. जुन्या फाइली उघडाव्यात, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. सीडी खराब झाली, की संगणकात व्हायरस शिरला? बहुधा यांपैकी काहीच झालेले नसते. या बिघाडामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक भाग मुंबईच्या उपनगरांत घडला आहे.

प्रथम आज्ञावली का बसत नाही ते पाहू. १९९२ सालचे विंडोज ३.१ हे १६ बिटी होते. १९९५ नंतर ३२ बिटी आज्ञावल्या आल्या, तरी त्यांची 'सेटअप' फाइल पुष्कळदा १६ बिटीच राहिली. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी आज्ञावली चालत नाही, आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ केवळ ६४ बिटी आहे. म्हणजे आतली आज्ञावली चालण्याजोगी असली, तरी ती दारातच अडते. दुसरी अडचण कुलपाची. नकला होऊ नयेत म्हणून काही महागड्या आज्ञावल्यांसोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचे एक छोटे कुलूप मिळे. नव्या संगणकांना बहुधा तो पोर्टच नसतो.

पण मजकूर का बिघडतो? संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. मोठ्या रोमन 'ए'चा क्रमांक ६५. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली 'इस्की' हे मानक ठरले. परंतु तेव्हाच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोयच नव्हती. म्हणून टंक बनवणाऱ्यांनी युक्ती केली : रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवले. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच राही. शिवाय प्रत्येकाची मांडणी निराळी. त्यामुळे टंक गेला की मराठीही गेली.

यावर खरा उपाय म्हणजे मराठी प्रणालीतच असणे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत 'क'ला स्वतःचा क्रमांक मिळाला : दशमान पद्धतीने २३२५. मात्र क्रमांक मिळाला म्हणजे लिपी उमटतेच असे नाही. 'कि' लिहिताना युनिकोड आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवते. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे उमटली पाहिजे. रफार, जोडाक्षरे यांचेही नियम प्रणालीला आणि टंकाला ठाऊक हवेत.

येथे अंधेरीच्या दोन बाजूंच्या दोन संस्था आठवतात : पूर्वेला पवईची आयआयटी आणि पश्चिमेला जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. अक्षररचनाकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी १९८३ ते १९९६ या काळात पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवले आणि पुढे जुहूच्या संस्थेत काम केले. त्यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर आला. त्या विंडोजमध्ये मराठीसाठी वेगळी आज्ञावली विकत घेण्याची गरज उरली नाही. तेव्हा युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर आजच्या संगणकावरही वाचता येतो. कुलपाआड टाइप केलेला अडकून पडतो.

अशा फाइली हाती असतील तर आम्ही एवढेच सुचवू : आधी त्यांची प्रत काढून ठेवावी. जुना संगणक चालू असेल तर तो मोडीत काढू नये. फाइलमधील टंकाचे नाव टिपून त्या टंकासाठीच्या रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ कागदाशी ताडून पाहावा. जुन्या टंकांत वेलांटी बहुधा व्यंजनाआधी साठवलेली असते, त्यामुळे चुका तिथेच अधिक होतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. 'किरण' आणि 'वर्ग' हे शब्द मुलांना हाताने लिहायला सांगावेत. उच्चाराचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम कोठे वेगळा होतो ते त्यांनीच शोधावे. प्रणालीला काय शिकवावे लागले, हे त्यांच्या चटकन ध्यानात येईल.