अनेक हातांचें पुस्तक

क्रमिक पुस्तक कोणी लिहिलें हें विचारण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. काव्याचा किंवा नाटकाचा कर्ता आपणांस ठाऊक असतो. पण ज्या पुस्तकानें आपणांस वाक्य लिहावयास शिकविलें तें बहुधा चारचौघांनीं मिळून केलेलें असतें, आणि त्या चौघांपैकीं एकाचेंही नांव आपल्या स्मरणांत राहत नाहीं. वस्तुतः मराठी गद्यास आज जें वळण आहे तें देण्यांत या मंडळींचा वांटा लहान नाहीं. चारचौघांनीं पुस्तक करावयाचें तर शेवटची लेखणी कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न त्यांच्यापुढें प्रत्येक वेळीं आला. आणि त्याचें उत्तर ज्या पिढीनें जसें दिलें तसें त्या पिढीच्या विद्यार्थ्यांचें लेखन झालें.

पेशवाई बुडाल्यावर चार वर्षांनीं, १८२२ सालीं, शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं मुंबईंत एक स्वतंत्र मंडळी उभी राहिली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा तिचा चिटणीस आणि सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे एतद्देशीय चिटणीस. साहेबानें इंग्रजी ग्रंथ पुढें ठेवावा आणि शास्त्र्यांच्या साहाय्यानें तो मराठींत उतरावा, अशी तेथील रीत. गणित-भूमितीचीं पुस्तकें या रीतीनें बरीं उतरलीं; त्रिकोणास इंग्लंड काय आणि कोंकण काय, सारखेंच! गोष्टीच्या पुस्तकास मात्र ही रीत पुरत नाहीं. छत्र्यांनीं १८२८ सालीं ‘बाळमित्र’ प्रसिद्ध केलें. त्याचें मूळ बर्क्विन या फ्रेंच लेखकाचें. तथापि तें मराठींत आणणारी लेखणी एकट्या छत्र्यांची होती, म्हणून तिच्यांत एका माणसाचा आवाज आहे.

त्याच सुमारास कोशाचें काम चाललें होतें, आणि आमच्या मतें एकत्र लेखनाचा खरा वस्तुपाठ तेथें सांपडतो. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले प्रभृति पंडितांनीं ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून बाहेर काढला. पुढें १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्याच्या हाताखालीं ब्राह्मण पंडितांचा एक समूह होता, आणि जॉर्ज व टॉमस हे कँडी बंधु त्याचे साहाय्यक होते. शब्द गोळा करावयाचे, एकानें आणलेला दुसऱ्यानें पारखावयाचा, अर्थाची छटा ठरेपर्यंत चर्चा करावयाची, असें तें काम होतें. पहिल्या आवृत्तींत सुमारें ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ते सुमारें ६० हजार झाले. त्यांत ग्रंथांतले शब्द आहेत तसे कुणब्याच्या आणि बायकांच्या तोंडचेही आहेत. परक्या देशाच्या माणसानें दाराशीं उभें राहून कोणासही हांकलून दिलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

कोशानें जें दार उघडें ठेवलें तें क्रमिक पुस्तकांनीं मात्र लोटून घेतलें. १८५५ सालीं मुंबई इलाख्याचें शिक्षणखातें स्थापन झालें, आणि शाळांसाठीं होणाऱ्या मराठी पुस्तकांची भाषा तपासण्याचें काम मेजर टॉमस कँडी यांच्याकडे राहिलें. लिहिणारे अनेक, परंतु शेवटची लेखणी कँडीची. या गृहस्थाचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. १८५० सालीं त्यानें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली; आज वाक्य कोठें थांबलें हें आपण टिंबावरून ओळखतों, त्यांत त्याचा भाग मोठा आहे. परंतु शेंकडों पानें एकाच चाळणींतून गेलीं म्हणजे त्यांत खडे राहत नाहींत तसा कसही राहत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ काढली, तेव्हां मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवरच त्यांनीं पहिला हल्ला चढविला. गंमत अशी कीं, त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे याच खात्याच्या कारखान्यांतले एक प्रमुख कारागीर!

हें सारें शाळेपुरतें झालें. महाविद्यालयांतील लेखनाची गोष्ट याहून उदास आहे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई विद्यापीठानें आपल्या वरच्या परीक्षांतून मराठीस रजा दिली, आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली तेव्हां कोठें विसाव्या शतकाच्या आरंभीं तिला एम्. ए. च्या परीक्षेंत प्रवेश मिळाला. जेथें वर्गच नाहीं तेथें वर्गाचें पुस्तक कोठून असणार? मधल्या दोन पिढ्यांतील पदवीधरांनीं इंग्रजी निबंध गिरवला आणि मराठी लेखन ज्याचें त्यानें शिकून घेतलें. त्याचा परिणाम असा कीं, शाळेसाठीं अत्रे व घाटे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारखीं टवटवीत पुस्तकें झालीं, पण अठरा वर्षांच्या मुलास मराठींत अर्ज, वृत्तान्त किंवा स्वतःचें मत सरळ लिहितां यावें म्हणून कोणी हौसेनें बसलें, असें क्वचितच झालें.

आमच्या खानदेशांत एक उदाहरण मात्र असें आहे कीं त्याची गणना पुस्तकांत होत नाहीं, तरी आम्ही ती करूं. साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांत ते हस्तलिखित दैनिक चालवीत, आणि १९२८ सालीं त्यांनीं ‘विद्यार्थी’ नांवाचें मासिक काढलें. मुलें ज्या ओसरीवर जेवत-झोपत, तेथलेंच वर्तमान दुसऱ्या दिवशीं अक्षरांत त्यांच्यापुढें येई. लेखन शिकविण्यास याहून चांगली सामग्री आम्हांस तरी ठाऊक नाहीं. गुरुजी स्वतः कोंकणांतले; मुलें खानदेशचीं. त्यांच्या बोलींतलें अंतर गुरुजींच्या लेखणीस अडथळा झालें नाहीं.

१९६७ च्या जानेवारींत पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झालें आणि समितीनें पुस्तक करण्याची पद्धति राज्यभर कायम झाली. १९९० च्या १५ ऑगस्टला जळगांवीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालें; २०१८ पासून त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. पुण्याच्या विद्यापीठापासून वेगळे झालों, तेव्हां अभ्यासक्रम आपल्या हातीं आला असें आम्हां खानदेशी शिक्षकांस वाटलें. अभ्यासक्रम आला, लेखनाच्या पुस्तकांतील नमुन्याचीं वाक्यें मात्र बहुतेक मुळामुठेकांठचींच राहिलीं.

म्हणून नरडाणा, शिरपूर, दोंडाईचा आणि अमळनेर या टापूंत भाषा शिकविणारे आम्ही कांहीं शिक्षक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीं लेखनाचें एक पुस्तक मिळून करावयास बसलों आहों. रेल्वेची सोय आहे, आग्रा रोड आहे, बैठकीस अडचण नाहीं. अडचण निघाली ती पहिल्याच प्रकरणाची. आमचा विद्यार्थी घरीं अहिराणी बोलतो. तो वहींत ‘घराची भिंत’ ऐवजीं ‘घरनी भिंत’ लिहितो. ‘मला’ लिहितांना त्याच्या हातून ‘माले’ उतरतें. ‘डोळा’ त्याच्या कानास ‘डोया’ असतो. ‘पानी’ लिहिल्याबद्दल एकदां बोलणीं खाल्लीं म्हणजे पुढें भीतीनें तो ‘मनांत’च्या जागीं ‘मणांत’ लिहूं लागतो. ग्रियर्सननें आपल्या भाषापाहणींत खानदेशीस भिल्ली भाषांच्या सोबत एका खंडांत बसविलें, तें १९०७ सालीं. म्हणजे हिला स्वतःची घडण आहे, ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ छापलेली आहे.

आमच्यांतील एका पक्षाचें म्हणणें, हीं रूपें पुस्तकाच्या शेवटीं ‘अशुद्धें’ या सदराखालीं घालावीं. नोकरीच्या परीक्षेंत परीक्षक दया दाखवीत नाहीं. हें म्हणणें सोडून देण्यासारखें नाहीं. ज्या मुलाचा बाप कोरडवाहू शेती करतो त्यास परीक्षेंतला एकेक गुण महाग पडतो. दुसरा पक्ष म्हणतो, प्रमाण मराठी शिकवावीच, पण तिच्याकडे जाण्याची वाट अहिराणींतून काढावी: ‘ना, नी, नं’ आणि ‘चा, ची, चें’ समोरासमोर मांडावे, एकाचा दुसरा कसा होतो तें विद्यार्थ्याकडूनच काढवावें. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. चूक म्हणून खोडलेला शब्द विद्यार्थी टाळतो, आणि टाळतां टाळतां तो लिहिणेंच थोडें करतो. तीन ओळींत आटोपलेले निबंध तपासून आमची ही समजूत झाली आहे.

शेवटच्या लेखणीबद्दल तूर्त असें ठरलें आहे. एकानें पाठ लिहावा. तो दुसऱ्या गांवच्या वर्गांत दुसऱ्यानें पंधरा दिवस शिकवावा. विद्यार्थ्यांच्या वह्या पाठाला जोडून तिसऱ्याकडे पाठवाव्या, आणि त्या वह्या वाचल्याखेरीज तिसऱ्यानें पाठांतील एकही अक्षर बदलूं नये. षष्ठीच्या प्रत्ययांचा पाठ या वाटेनें जाऊन आला. त्याचीं आठ पानें होतीं, तीं पांच झालीं. ‘ळ’चा पाठ दोंडाईच्यास गेला आहे, आणि वह्या अजून यावयाच्या आहेत.