लोणारचा खार

आमच्या रोहिणखेडला पाऊस झाला की रानातलं पाणी ओढ्यानाल्यांतून पूर्णेला, चांगदेवापाशी तापीला आणि सुरतेकडे खंभातच्या आखाताला मिळतं. कपाशीला दिलेल्या युरियातला काही भाग याच वाटेने समुद्र गाठतो. तिथं शेवाळ माजलं तरी इथं कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराला मात्र ही पळवाट नाही. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. आत गेलं ते आतच.

खार साचला तोही यामुळेच. झऱ्यांचं, पावसाचं पाणी येतं, उन्हाने उडून जातं, मागे सोडा उरतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलं की काच आणि साबण करायला लागणारा माल लोणारला निघतो. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराच्या विवराची नोंद केली. खार काढणाऱ्याला त्याचं काय! त्याला डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की या खाराच्या प्रकारांतला फरक कळायचा. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काळ्या, उग्र वासाच्या चिखलात उतरायचं आणि खार काढायचा. तो बांगड्यांना लागे, साबणाला लागे, पापडातही पडे. पाणी किती हटलं, माल कसा उतरला, यावर त्याचं पोट होतं. सरोवराची इतकी बारीक देखरेख पुढे फारशी कुणी केली नाही.

धंदा बसला. विवराच्या पोटात शेती झाली, गावचं सांडपाणी उतरू लागलं. त्याने दुहेरी नुकसान होतं: नायट्रोजन-फॉस्फरस वाढतात आणि गोड्या पाण्याने खार पातळ होतो. 10 च्या आसपास सामू असलेल्या पाण्यातच तगणारे जीव मग मागे पडतात. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने नागपूरच्या नीरीकडे, पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले. रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. त्याच वर्षी पाणथळ जागांसाठीचा रामसरचा दर्जाही मिळाला. गुलाबी रंगाची बातमी झाली. गटाराची एवढी कधी झाली नाही.

सामू, क्षार, नायट्रेट, फॉस्फेट हे चार आकडे दर महिन्याला लोणारच्या ‘धार’ झऱ्यापाशी फळ्यावर लिहावेत. तिथं येणाऱ्याला सहज वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.