ऐकणाऱ्यांची विद्या : गोव्यातील मानसोपचाराचा प्रवास

गोव्यात मनाच्या दुखण्यावरचे उपाय इस्पितळाच्या फार आधी देवळात, चर्चमध्ये आणि घराच्या उंबऱ्यावर सुरू झाले. लेकरू रात्री दचकून उठू लागले, नव्या सुनेने जेवण टाकले, दर्यावर गेलेल्या माणसाची खबर येईना म्हणून कुणाची झोप उडाली, की पहिल्यांदा दृष्ट काढली जाई. मीठ आणि सुक्या मिरच्या अंगावरून ओवाळून विस्तवात टाकायच्या, ही रीत हिंदू घरात होती तशी ख्रिस्ती घरातही होती. त्यानेही भागले नाही तर देवळात कौल लावला जाई. मूर्तीच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या आणि कोणती पाकळी आधी पडते यावरून देवाचे उत्तर ओळखायचे. भूतबाधा उतरवणाऱ्या गावातल्या घाड्याकडे जाण्याची वाट त्याही पुढची. ख्रिस्ती माणूस पाद्रीपुढे गुडघे टेकून कबुली देई.

या रीतींनी गंभीर आजार बरा होत नव्हता आणि घाड्याच्या हातून काही रोग्यांचे हालही होत. तरी त्यांच्यात एक गोष्ट खरी होती. त्रासलेल्या माणसाला आपले दुखणे कुणापुढे तरी मांडता येई, आणि ज्याच्यापुढे मांडायचे तो त्याच गावचा, त्याचीच भाषा बोलणारा असे.

मनाचा अभ्यास शास्त्र म्हणून करणारा पहिला गोंयकार याच मुलखात वाढला. जुझे कुस्तोदियु फारिया यांचा जन्म 1756 साली बार्देशातल्या कांदोळी गावी झाला. आईवडील वेगळे झाले. आई जोगीण झाली, तर वडील कायतान व्हितोरीन पाद्री झाले. 1771 साली बाप आणि मुलगा लिस्बनला पोहोचले, पुढे मुलाचे शिक्षण रोमला झाले. त्याच्या तरुणपणाची एक आठवण गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि समोरचा दरबार पाहून त्याची वाचाच बसली. खाली बसलेल्या बापाने हळूच कोकणीत सांगितले, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. मुलाची भीती एकदम ओसरली आणि प्रवचन सुरळीत पार पडले. ही कथा सांगोवांगीची असली तरी तिच्यातले मानसशास्त्र पक्के आहे. माणूस घाबरतो तो समोरच्या प्रसंगाला जितका, तितकाच त्या प्रसंगाविषयी स्वतःच्या मनात चाललेल्या बोलण्याला. ते बोलणे बदलले की अंगातला थरकापही बदलतो.

1787 साली पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीला आला. संशयाची सावली फारिया बापलेकांवरही पडली आणि पुढच्या वर्षी मुलाने पॅरिस गाठले. त्या काळी युरोपभर मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चर्चा होती. माणसाच्या अंगात एक अदृश्य द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो आणि उपचारक तो द्रव पुन्हा वाहता करतो, असा मेस्मरचा दावा होता. 1784 साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने असा द्रव नाहीच असा निर्वाळा दिला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए त्या समितीवर होते. परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा, असे म्हणून समितीने विषय संपवला.

फारियांनी तिथून पुढे विचार केला. द्रव नसेल आणि परिणाम मात्र दिसत असेल, तर तो येतो कुठून? 1813 पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, मन झोपेवर एकाग्र करायला सांगायचे आणि मग ठामपणे आज्ञा करायची, झोपा! हातवारे नाहीत, लोहचुंबक नाहीत, गूढ पाण्याचे हौद नाहीत. काही माणसे त्या ‘जागृत निद्रे’त जात, काही अजिबात जात नसत. यावरून फारियांनी मांडले की शक्ती उपचारकाच्या अंगात नसते. ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असते, उपचारक तिला फक्त वाट करून देतो.

हे म्हणणे दोन्ही बाजूंना रुचले नाही. मेस्मरपंथीयांना आपला द्रव गमवायचा नव्हता, आणि धर्ममार्तंडांना सगळ्यातच सैतान दिसत होता. त्यातच फारियांची टर उडवणारे नाटक रंगभूमीवर आले आणि प्रेक्षक पांगले. 1819 साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग छापला गेला आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्ये वारले. पुढचे भाग निघालेच नाहीत. अलेक्झांडर ड्युमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतल्या कैदी धर्मगुरूला त्यांचे नाव दिले आणि जगाला खऱ्या फारियांपेक्षा तो कैदीच जास्त ठाऊक झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या नान्सी येथील डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्यावर उपचारपद्धती उभारली, तेव्हा कुठे फारियांचे श्रेय त्यांच्या पदरात पडू लागले.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा 1945 साली उभा राहिला, तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. मागे कलंडलेली स्त्री आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून झुकलेले फारिया, असे ते शिल्प आहे. शिल्प म्हणून ते अतिशय देखणे आहे. मात्र पाहणाऱ्याच्या मनावर ठसतात ते उपचारकाचे हात, आणि फारियांचे सारे म्हणणे त्या हातांत काही नाही हेच होते.

पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या मनोरुग्णालयालाही फारियांचेच नाव मिळाले. 1980 मध्ये त्याचे रूपांतर मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत झाले आणि पुढे ती संस्था बांबोळीला गेली. तीव्र आजारांच्या रोग्यांना तिथे आसरा आणि औषध मिळाले, याचे मोल कमी नाही. पण झोप न लागणारी, सतत धास्तावलेली, कशातच मन न रमणारी शेकडो माणसे त्या दारापर्यंत कधी आलीच नाहीत. आपल्याला वेड लागलेले नाही हे त्यांना माहीत होते, आणि लोक काय म्हणतील हेही.

ही माणसे जात होती ती गावच्या आरोग्य केंद्रात, तीही डोकेदुखी, अशक्तपणा, पाठदुखी आणि छातीतली धडधड घेऊन. तिथे त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या, टॉनिक किंवा झोपेची गोळी मिळे. त्रास शरीरात जाणवत होता हे खरेच होते, फक्त त्याचे मूळ कर्जात, नवऱ्याच्या दारूत, मारहाणीत किंवा एकटेपणात होते.

झिम्बाब्वेत अशाच रुग्णांचा अभ्यास करून आलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह 1996 साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. तिचा सुरुवातीचा एक मोठा प्रयोग समुपदेशनाच्या बाबतीत फसला, आणि तो फसला हेच पुढे उपयोगी पडले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या 450 रुग्णांपैकी काहींना नैराश्यावरची गोळी, काहींना औषध नसलेली गोळी आणि काहींना समुपदेशन दिले गेले. दोन महिन्यांनी खऱ्या गोळीचा गुण दिसला, समुपदेशनाचा मात्र औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक दिसला नाही. मग समुपदेशन कोणी, कुठे आणि कसे करायचे, याचा मुळापासून फेरविचार झाला.

त्यातून ‘मानस’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या समुपदेशक म्हणजे वैद्यकाचा गंध नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रिया. दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन त्या आरोग्य केंद्रात बसू लागल्या. रुग्णाला आजाराचे नाव सांगून बिचकवण्याऐवजी त्या टेन्शनविषयी बोलत, ताण आणि दुखणारे अंग यांचा संबंध समजावून देत, श्वासाचे व्यायाम शिकवत. त्रास जास्त असेल तर नात्यांतल्या पेचांवर बोलण्याच्या बैठका होत किंवा डॉक्टर औषध देत. 24 दवाखान्यांतल्या 2796 रुग्णांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत 65.9 टक्के बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार चाललेल्या सरकारी केंद्रांत हे प्रमाण 42.5 टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही.

पुढचा टप्पा तीव्र नैराश्याचा होता. त्यासाठी संगाथने बोलण्यातून करायचा एक उपचार तयार केला. त्याची मांडणी साधी आहे. मन खचले की माणूस कामे टाळतो, लोकांना टाळतो, आवडीच्या गोष्टी सोडतो. त्या सुटल्या की दिवसात बरे वाटण्यासारखे काही उरत नाही आणि मन आणखी खचते. हा फेरा विचारांशी झगडून तोडण्यापेक्षा कृतीच्या बाजूने तोडायचा. समुपदेशक रुग्णासोबत दिवसाचा आराखडा मांडतो आणि एखादे लहानसे काम ठरवतो. शेजारणीकडे जाणे, परसातली झाडे पाहणे, चर्चच्या गायनवृंदात पुन्हा बसणे, असे काहीही. पुढच्या भेटीत ते जमले का, जमले तेव्हा कसे वाटले, नाही जमले तर कशामुळे अडले, हे विचारतो. ज्या अडचणीवर तोडगा निघू शकतो तिच्यावर दोघे मिळून तोडगा शोधतात. सहा ते आठ भेटींत हा उपचार संपतो. समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत आणि ते एकमेकांचे काम ऐकून त्याला गुण देत. शिकाऊ माणसाला घडवण्याची ही रीत तज्ज्ञांनी डोक्यावर बसून केलेल्या तपासणीपेक्षा कितीतरी माणुसकीची आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर या उपचाराची पारख झाली. तीन महिन्यांनी या उपचाराने 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, नेहमीच्या उपचाराने 39 टक्क्यांचे.

गोव्यात तयार झालेला हा उपचार नंतर मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या आशा कार्यकर्त्यांना शिकवण्यात आला, काहींना वर्गात बसवून आणि काहींना मोबाइलवरून. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना असे ऐकण्याचे आणि धीर देण्याचे शिक्षण दिले. घरोघरी जाणारे हे स्वयंसेवक ताणाखालच्या माणसांना काही भेटींत आपापल्या अडचणी सोडवायला मदत करत आणि आजार गंभीर वाटला तर रुग्णाला सरकारी दवाखान्यात पाठवत.