भिंतीवरला चौक आणि सरकारी कागद

वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिला गेल्यावाचून लग्न लागत नाही. भिंत शेणामातीने सारवावयाची, तीवर गेरूचा हात फिरवावयाचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवावयाचे आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिची लेखणी करावयाची. एवढ्याच सामग्रीवर सवाष्णी देवचौक आणि लग्नचौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी बसते. धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांच्या साक्षीने देवी घरात येते, अशी श्रद्धा आहे. ह्या कामाला ‘चित्र काढणे’ म्हणत नाहीत, ‘लिहिणे’ म्हणतात. नवापूर, तारापूर, बोईसर ह्या किनारपट्टीपासून पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जो आदिवासी मुलूख पसरला आहे, त्यातील पाड्यापाड्यांवर ही विद्या आईकडून मुलीकडे चालत आली. तिला राजाश्रय नव्हता, लोकाश्रयाची तिकीटविक्री नव्हती आणि सरकारी अनुदान तर ठाऊकच नव्हते.

कलेचा पोशिंदा कोण असावा, हा प्रश्न महाराष्ट्राला तसा नवा नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केले, ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय आटला आणि विष्णुदासांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली मुंबईस नाटकाला तिकीट लागले. राजा गेला की प्रेक्षक आणि प्रेक्षक पुरेनासा झाला की सरकार, अशी ही पायरी-पायरीची वाट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील बहुतेक देश ह्या तिसऱ्या पायरीवर येऊन उभे राहिले आणि तेथे जो वाद पेटला तो अद्यापि विझलेला नाही.

१९४५ हे साल ह्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्या दांपत्याच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ती भरविली होती आणि वेठबिगार ह्यापुढे करावयाची नाही, असा निर्धार तेथे झाला. ज्यांच्या बायका भिंतीवर देवी लिहीत होत्या, त्या लोकांना स्वतःच्या श्रमावरदेखील स्वतःची सत्ता नव्हती, ही गोष्ट कलेच्या इतिहासात सहसा नमूद होत नाही; परंतु ती नमूद केल्यावाचून पुढील कथेचा अर्थ लागत नाही.

त्याच वर्षी जुलै महिन्यात प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ब्रिटिश नभोवाणीवरून एक भाषण केले. युद्धकाळात, १९४० साली, संगीत व इतर कलांच्या प्रोत्साहनासाठी एक मंडळ तेथे निघाले होते. पिलग्रिम ट्रस्ट नामक खासगी निधीने दिलेल्या २५,००० पौंडांवर त्याचा आरंभ झाला आणि लवकरच सरकारी खजिन्याचा हातभार त्यास लागला. ते मंडळ आता आर्ट्स कौन्सिल ह्या नावाने कायम होणार, हे केन्स यांनी श्रोत्यांस सांगितले. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, पैसा सरकारने द्यावा. परंतु कलावंताने कोणत्या दिशेने जावे हे सरकारने सांगू नये. १९४६ च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलला राजसनद मिळाली. केन्स मात्र त्याआधीच, एप्रिलमध्ये, मृत्यू पावले होते.

हे तत्त्व ऐकावयास निर्दोष वाटते, तथापि त्यावर दोन बाजूंनी आघात झाले. पहिला आक्षेप मंडळाच्या जन्माबरोबरच उठला. आरंभी ह्या मंडळाचे लक्ष खेड्यापाड्यांतील हौशी गायकवादकांकडे होते. केन्स १९४२ साली अध्यक्ष झाले आणि व्यावसायिक कलावंत, राजधानीतील ऑपेरा व बॅले यांचे पारडे जड झाले. उत्तमाचे रक्षण करावयाचे की सर्वांना वाटप करावयाचे, हा तंटा तेव्हापासूनचा आहे. दुसरा आक्षेप रेमंड विल्यम्स यांचा. हे विचारवंत १९७६ ते १९७८ ह्या काळात कौन्सिलचे सभासद होते. ज्या मंडळाचे सभासद मंत्रीच नेमतो, त्याचे सरकारपासूनचे अंतर ते कितीसे असणार, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

फ्रान्सने दुसरा मार्ग धरला. १९५९ साली तेथे संस्कृतीचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि कादंबरीकार आंद्रे माल्रो त्याचे पहिले मंत्री झाले. मानवजातीच्या श्रेष्ठ कृती अधिकात अधिक नागरिकांपर्यंत पोहोचविणे, हा त्यांचा संकल्प होता. प्रांतोप्रांती संस्कृतिगृहे उभी राहू लागली. परंतु १९६८ च्या मे महिन्यात विल्युर्बान येथे जमलेल्या नाट्यगृहांच्या व संस्कृतिगृहांच्या संचालकांनी स्वतःच कबूल केले की, ज्यांना ह्या घरांत पाऊल टाकावेसे कधी वाटतच नाही, असा मोठा समाज दाराबाहेर राहिला आहे. पश्चिम जर्मनीची सावधगिरी वेगळ्याच अनुभवातून आलेली होती. १९३३ नंतर नाझी राजवटीने सर्व कलावंतांना एका सरकारी संघटनेत कोंबले होते. म्हणून १९४९ च्या घटनेनंतर सांस्कृतिक कारभार मध्यवर्ती सत्तेकडे न राहता मुख्यतः घटक राज्यांकडे राहिला.

भारताने ह्या सर्वांतून आपला मार्ग काढला. १९५३ साली संगीत नाटक अकादमी, १९५४ साली साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी अशा संस्था निघाल्या; पैसा सरकारचा, कारभार स्वायत्त, अशी त्यांची घडण होती. परंतु त्याआधीच, १९५२ साली, अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले होते आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली. अशा रीतीने राष्ट्राच्या कलासंसाराचे दोन कप्पे पडले: एकात ‘कला’, दुसऱ्यात ‘हस्तकला’. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात घालावयाची हे ठरविणारा हात ती वस्तू घडविणाऱ्याचा नव्हता.

वारल्यांच्या दाराशी सरकार आले ते दुसऱ्या कप्प्यातून. त्याची पूर्वपीठिका बिहारात आहे. १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना काही मिळकत व्हावी, म्हणून पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नामक मराठी चित्रकारास तिकडे पाठविले. घराच्या भिंतीवर ज्या स्त्रिया कोहबर लिहीत, त्यांच्या हाती कुलकर्णींनी कागद दिला. तीच युक्ती पुढे १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी डहाणूच्या परिसरात योजिली. म्हणजे ज्या धोरणाने ह्या दोन्ही चित्रकलांना जगाचे दार उघडले, त्याचे मूळ कलेच्या चिंतनात नव्हते. ते दुष्काळाच्या निवारणात होते.

पण एकाच माणसाने दिलेल्या एकाच प्रकारच्या कागदाची दोन ठिकाणची फळे मात्र भिन्न निघाली. मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती गेला तो त्यांच्याच हाती राहिला. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावे देशभर झाली आणि १९७५ ते १९८४ ह्या काळात तिघींनाही पद्मश्री मिळाली. वारल्यांत तसे झाले नाही. तेथे पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेली तेव्हा ह्या मुलाने बोलणे सोडले होते आणि मनातले काही सांगावयाचे तर तो धुळीत आकृती काढी, असे सांगतात. चौकाशी आणि लग्नविधीशी न बांधलेले चित्र त्यांनी काढले: मासेमारीचे जाळे, तारप्याच्या सुरावर फेर धरलेली माणसे, मुंग्यांची रांग. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग पाड्यापाड्यांतून चित्रकार निघाले, आणि पहिल्या पिढीत ते प्रायः पुरुष होते.

मशे यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु धोरणाचा विचार करणाऱ्याने येथे क्षणभर थांबावयास हवे. भिंत ही घराची असते आणि घर सवाष्णीच्या हाती असते. कागद बाजारात जातो, आणि बाजाराची, मुंबईची, दिल्लीची वाट त्या काळी पुरुषांना अधिक मोकळी होती. युरोपातील वाद मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरला: पैसा कोणी द्यावा आणि निवड कोणी करावी. वारल्यांच्या अनुभवाने त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर घातली. मदत ज्या रूपाने येते, ते रूपच कलावंत कोण हे ठरवून टाकते. कागद देणाऱ्याने निवड केली नाही. कागदाने ती केली.

ह्या कथेचा पुढील भाग युरोपातच घडला. ज्या चित्रांना भारतात हस्तकलेचा शिक्का होता, तीच १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरविलेल्या जगभरच्या कलावंतांच्या प्रदर्शनात आधुनिक कलाकृतींच्या शेजारी लागली. २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात इंग्रज शिल्पकार रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा मशे यांचे जोडप्रदर्शन झाले. तिकडच्या जनतेच्या करांवर चालणाऱ्या संस्थांनी ‘हस्तकला’ हा शब्द पुसून ‘कला’ हा शब्द लिहिला. मायदेशानेही पुढे मान दिला. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यांना देऊ केलेली शेतजमीन प्रत्यक्ष हाती यावयास तीन दशकांहून अधिक काळ लागला. सन्मानपत्र लवकर निघते, सातबारा उशिरा निघतो. २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१८ साली मशे यांचे निधन झाले.

निवड कोणी करावी, हा युरोपचा जुना तंटा महाराष्ट्रानेही पाहिला. २०२२ च्या डिसेंबरात अनघा लेले यांनी केलेल्या कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनुवादास राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासनाने तो रद्द करून निवडसमितीही बरखास्त केली. अनेक लेखकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. पैसा जनतेचा असल्यामुळे शासनास विचारण्याचा अधिकार आहे, असे एक पक्ष म्हणाला. पैसा जनतेचा आहे म्हणूनच तो सत्ताधाऱ्यांचा नव्हे, असे दुसरा पक्ष म्हणाला. केन्स आणि विल्यम्स यांच्यामधला वाद मराठीत बोलू लागला तो असा.

बोईसर-तारापूरच्या मुलखाने सरकारचा मोठा खर्च पाहिला आहे. १९६९ साली येथील अणुवीज केंद्र सुरू झाले, नंतर कारखान्यांची वसाहत वाढली. त्या खर्चाच्या मानाने चित्रांच्या कागदाचा खर्च तो काय! तरीही त्या कागदाने शेकडो घरांत मिळकत आणली आणि वेठबिगारीत पिचलेल्या समाजाचे नाव मानाने घेतले जाऊ लागले. म्हणून शासनाने कलेपासून दूर राहावे, असा निष्कर्ष ह्या इतिहासातून निघत नाही. निघतो तो एवढाच की, हात पुढे करण्यापूर्वी ती विद्या आज कोणाच्या बोटांत आहे हे शासनाने त्या घरी जाऊन विचारावे, आणि देणगीचा आकार त्या बोटांना बेतून घ्यावा.

लग्नघरचा चौक अनुदान मागत नाही. लग्न आटोपल्यावर तो जपण्याची खटपटही कोणी करीत नाही. भिंत पुन्हा सारवली जाते, तो बुजतो, आणि दुसऱ्या घरी दुसऱ्या लग्नात सवाष्णी तोच चौक नव्याने लिहावयास बसतात. त्यांची नावे कोणत्याही पुरस्काराच्या यादीत नाहीत. पण जिव्या सोमा मशे यांनी कागदावर जे नेले, ते ह्याच बायांच्या भिंतीवरून उचललेले होते.