सड्यावरील गवत आणि जुन्या यंत्रांचे कारागीर

राजापूरचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी सहसा अर्जुना नदीच्या काठावरून वर चढत नाही. आदिलशाही अंमलातील भरभराटीचे बंदर, १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी येथे घातलेली वखार, पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला साहाय्य करणाऱ्या त्या वखारवाल्यांना शिवाजी महाराजांनी १६६१ साली घडविलेली कैद, आणि पुढे खाडी गाळाने भरत गेल्यावर ओसरलेला व्यापार, एवढ्या प्रकरणांत गावाची बखर पुरी झाली असे मानण्याचा प्रघात पडला आहे. परंतु खालच्या पेठेत मिरी आणि कापड यांचे सौदे होत होते, त्या काळीही वरच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर दरवर्षी उगवणारे आणि कार्तिकात कापले जाणारे गवत हे या मुलखाच्या दौलतीचे एक साधनच होते; आणि ते कोणत्या हत्याराने, कोणाच्या कष्टाने व कोणाच्या दुरुस्तीच्या बळावर कापले गेले, याची हकीकत मला वखारीच्या हकीकतीइतकीच मोलाची वाटते.

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या भूमीवर कोसळतो, त्या भूमीवरचा उघडा कातळदेखील चार महिने हिरवा राहतो. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ या परिसरातील सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेली, आणि आता जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेली, कातळशिल्पेही पावसाळ्यात याच गवताआड दडतात. नवरात्र सरता सरता गवत पिवळे पडू लागते, आणि मग घराघरांतून विळे बाहेर निघतात. उकिडवे बसून, डाव्या मुठीत धरलेला झुबका बुडाशी कापीत पुढे सरकणाऱ्या बायका, डोक्यावरून सडा उतरणारे भारे, आणि अंगणाच्या कडेला खांबाभोवती रचलेली उडवी, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्या गवतावर गुरे जगत, घरे शाकारली जात आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजला जाई.

या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी गावचा लोहार होता. विळा बोथट झाला, फाळ झिजला, कोयतीची मूठ हलली, की माणूस त्याच्या भात्यापाशी जाऊन बसे. लोहार पाते तापवून ठोकी, पाणी देई, आणि त्याचा मोबदला त्याला सुगीला धान्यरूपाने मिळे. नांगराचे ईसाड, रुमणे आणि जू सुताराकडे, लोखंड लोहाराकडे, अशी ही वाटणी होती. ज्या अवजाराचा दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर आहे तेच अवजार येथे टिकले, आणि ज्याच्यासाठी घाट चढावा लागे ते पडवीत गंजत राहिले. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राची परीक्षा राजापूरने याच कसोटीवर केलेली दिसते.

जमिनीच्या कागदाचाही यात वाटा आहे. खोती पद्धतीत भातजमिनीच्या पिकाचा निम्मा हिस्सा देणारे अर्धेलीचे कूळ आणि वरकस जमिनीच्या पिकाचा तिसरा हिस्सा देणारे तिर्धेलीचे कूळ यांच्या हाती, वसूल देऊन झाल्यावर, नवे अवजार घेण्यापुरती शिल्लक राहणे दुरापास्त होते. खोती नाहीशी करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ साली. कूळ मालक झाले ही मोठीच गोष्ट घडली. परंतु वारसांच्या नोंदी वाढत गेल्या, सातबाऱ्यावर नावांची रांग लागली, आणि गुंठ्यागुंठ्यांच्या खाचरांत कोणतेही मोठे यंत्र वळविण्यास जागा उरली नाही.

घाटावर मात्र यंत्रयुगाचा आरंभ झालेला होता. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला; लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीशी त्यांना दीर्घकाळ झुंजावे लागले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली आणि तिचे रूपांतर नामांकित मासिकात झाले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. काळ्या जमिनीतली हराळी उपटणारा तो जड नांगर कोकणच्या लहानखुऱ्या बैलांना आणि जांभ्यावरच्या वीतभर मातीला मानवणारा नव्हता. तथापि त्याने एक गोष्ट शिकविली, आणि ती पुढच्या साऱ्या यंत्रांना लागू पडली: यंत्राचा झिजणारा भाग वेगळा काढता आला पाहिजे आणि तो तसाच्या तसा विकत मिळाला पाहिजे.

किनाऱ्यावर हा धडा समुद्राच्या बाजूने गिरविला गेला. नाटे, जैतापूर या बाजूच्या होड्यांना स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत डिझेलची इंजिने बसू लागली, बागाईतांत रहाटाच्या जागी ऑइल इंजिनाचा पंप आला, आणि लोहारसुतारांच्या शेजारी मिस्त्री नावाचा तिसरा कारागीर उभा राहिला. त्याने कोणत्याही शाळेत पदवी घेतलेली नव्हती. खारट वाऱ्याने खाल्लेले नट सोडविता सोडविता तो शिकला. त्याला लागणारा माल कोल्हापूरहून येई, आणि अणुस्कुऱ्याच्या ज्या घाटाने पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर माल लादून उतरत, त्याच वाटेवरून आता लायनर, रिंगा आणि बेअरिंगे उतरू लागली.

येथे थोडे दूरदेशी पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घराभोवतालचे विस्तीर्ण हिरवळीचे पट्टे कापण्यासाठी लहान चारचाकी बागट्रॅक्टर निघाले. ‘व्हील हॉर्स’ १९४६ मध्ये, तर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘कब कॅडेट’ १९६१ मध्ये. बिडाची जाड अंगे आणि भक्कम दातेरी चक्रे यांमुळे त्यांतली कित्येक यंत्रे साठ वर्षांनंतरही गवत कापीत आहेत, आणि ती जुनी घेऊन नीट करून वापरणे हा तिकडे पुष्कळांचा आवडता उद्योग आहे. त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्रांनी १९६३ साली मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली. पण तिच्या कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला ट्रॅक्टर पठारावरच्या शेतकऱ्यासाठी होता. राजापूरच्या वाट्याला यावयाचे ते यंत्र आले ते अखेर जपानच्या भातखाचरांतून.

जपानी शेतकऱ्याची जमीनही लहान, चिखलाची आणि डोंगरउताराची. त्याच्यासाठी घडविलेला दुचाकी पॉवर टिलर, ज्याच्यामागून चालत दोन मुठींनी त्याला वळवावयाचे, तो बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने आपल्याकडे आणला. पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या केरळच्या ॲग्रो मशिनरी कॉर्पोरेशनने कुबोटाच्या धर्तीवर आपला टिलर बाजारात आणला. चाकरमानी मुंबईला गेला, घरी राहिलेल्या वृद्धांना बैलजोडी सांभाळणे झेपेनासे झाले, आणि एक आडवे सिलिंडर, पाण्याने थंड राहणारे बारा-तेरा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असलेले हे यंत्र हळूहळू गावोगाव पोचले. १९७२ साली दापोलीस स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने टिलरबरोबरच साध्या हत्यारांकडेही लक्ष दिले, ही मोठी समाधानाची बाब. तेथला दातेरी ‘वैभव’ विळा आज घरोघरी आहे, आणि त्याला वारंवार धार लावावी लागत नसल्यामुळे लोहाराच्या भात्यापाशी बसणेही कमी झाले आहे.

नवा टिलर घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते, म्हणून जुन्याचा व्यवहार सुरू झाला, आणि त्याचे शास्त्र तयार झाले. जाणता गिऱ्हाईक रंगाकडे पाहत नाही. तो आधी इंजिनचे तेल बोटावर घेतो. ते ताकासारखे पांढुरके असेल तर आत पाणी शिरले आहे हे ओळखतो. मग सिलिंडरातला दाब सोडणारा खटका न उघडता हॅण्डल सावकाश फिरवून पाहतो; हाताला दाब लागला नाही तर रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन उतरले. चाकांचे बूड धरून हलविल्यावर खडखड आली तर बेअरिंग संपले. गिअरपेटीच्या अंगावर चीर असेल तर तो एकही शब्द न बोलता उठतो, कारण बाकीचे सारे बदलता येते, ते अंग बदलताना यंत्राची किंमत खर्ची पडते. आणि शेवटी कागद: यंत्र अनुदानावर घेतलेले असेल तर ते विकण्याची मुभा आहे की नाही, हे दस्त पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

अशा एका जुन्या टिलरची दुरुस्ती मी मिस्त्रीच्या पडवीत बसून पाहिली आहे, आणि ते काम पाहताना कालाचे भान राहत नाही. कित्येक पावसाळे पडून राहिलेल्या टाकीच्या तळाशी गंज आणि चिकट झालेले डिझेल यांचा थर बसलेला होता. तो खरवडून काढल्यावर मिस्त्रीने पंप सोडला, त्यातला अडकलेला दट्ट्या रॉकेलमध्ये भिजत ठेवला, आणि तोवर नोझल हातात घेतले. नोझल बाहेरच जोडून दाब देताच डिझेलचा बारीक धुरळा उडावा आणि कुरकुर असा आवाज यावा, धार पडू नये. धार पडली तर इंजिन धूर ओकील, चालणार नाही. चिखलणीच्या वर्षांत चाकाच्या आसावरचे तेलसील फाटून आत माती गेलेली होती. ती बेअरिंगे त्याने हातोडीने न ठोकता, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून उतरविली, कारण बिडाला घाव सोसत नाही. सारे जोडून झाल्यावर पंपाचा नट थोडा सैल करून ‘डिझेलनं हवा धरलीय, ती जाऊ दे आधी,’ असे तो म्हणाला आणि बुडबुडे थांबेपर्यंत स्वस्थ बसला. मग खटका उघडा ठेवून हॅण्डलला वेग दिला, जड चक्र घुमू लागले तसा खटका सोडला. एक ठोका, काळ्या धुराचा एक झोत, आणि इंजिनने सूर धरला.

गवत कापण्यासाठी या टिलरच्या पुढे मागेपुढे सरकणाऱ्या दातेरी पात्यांची पट्टी बसविता येते, आणि मळ्यातल्या सपाट भागात ती उत्तम चालते. सड्यावर मात्र जांभ्याचा एक वर आलेला खडा पट्टीचे दात मोडावयास पुरेसा होतो. म्हणून हापूसच्या बागांतील बेणणीसाठी, आणि माघ-फाल्गुनात वणवा येऊन कलमे होरपळू नयेत म्हणून बागेभोवती करावयाच्या सफाईसाठी, खांद्याला अडकवावयाचा पेट्रोलचा ग्रासकटर आला. मजूर मिळेनासे झाले तसा तो अपरिहार्य झाला. परंतु त्याचेही दुखणे टिलरचेच: हंगाम संपल्यावर टाकीत ठेवलेले पेट्रोल कार्बोरेटरच्या आतल्या नाजूक पडद्यावर चिकटते, पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या तेलाचे प्रमाण चुकले की पिस्टन धरतो, आणि अश्विनात मिस्त्रीच्या दारात सगळ्यांचे कटर एकदम येऊन पडतात.

त्या गर्दीच्या दिवसांत मिस्त्री नवीन भागाची वाट पाहत बसत नाही. मागच्या अंगणात दोन-तीन निकामी टिलर पाने घालून झाकून ठेवलेले असतात. त्यांतल्या एकाचे हेड, दुसऱ्याची पुली आणि तिसऱ्याचा गव्हर्नरचा स्प्रिंग यांतून चौथा चालू होतो, आणि या भांडाराची यादी कोणत्याही वहीत नसून त्याच्या डोक्यात असते. सरकारी अनुदान मिळते ते नव्या यंत्राच्या खरेदीला. या अंगणाला आणि हाताखाली शिकणाऱ्या पोराच्या उमेदवारीला ते मिळत नाही. माझ्या मते ते मिळावयास हवे. तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावी एका मिस्त्रीच्या हाताखाली दोन मुलांना दोन वर्षे राहता येईल एवढे विद्यावेतन दिले, आणि त्यांना चांगली हत्यारे व नोझल तपासण्याचे एक हातपंपाचे साधन दिले, तर आज पडव्यांतून, गोठ्यांतून आणि आंब्याच्या बागांतल्या खोपटांतून पडून असलेली कितीतरी जुनी यंत्रे येत्या कार्तिकापूर्वी गवतात उतरविता येतील.