पेशवाईच्या अस्तानंतरचे बेकार

पेशवाई बुडाली तें साल आपणां सर्वांस पाठ असतें. ती बुडाल्यावर कोणाकोणाचा रोजगार गेला, हें मात्र क्वचितच विचारलें जातें.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें आणि ३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाला. त्याला सालीना आठ लक्षांचें वेतन ठरलें व तो ब्रह्मावर्तास गेला. मागें राहिलेले फडावरचे कारकून, शिलेदार, बारगीर, गडावरचे नाईक, दक्षिणेवर जगणारे शास्त्री, एवढ्या सर्वांचा धनी ऐन पावसाळ्याच्या तोंडाशीं नाहींसा झाला.

एल्फिन्स्टन या गोष्टीकडे डोळेझांक करणारा नव्हता. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यांत वतनें, इनामें व वर्षासनें चालूं ठेवण्याचें वचन आहे. त्याच कागदांत, बाजीरावाच्या चाकरींत असलेल्यांनीं दोन महिन्यांत घरीं परतावें, नाहीं तर जमिनी जप्त होतील, असाही हुकूम आहे. घरीं जाऊन खावें काय, हें त्यांत नाहीं. या धोरणांत दया होती. पण भीति अधिक होती, असें मला वाटतें. रिकामा कारकून अर्ज लिहितो. रिकामा घोडेस्वार काय करील याचा नेम नसतो, आणि पेंढाऱ्यांचा अनुभव तर ताजाच होता.

कारकुनाचें त्यांतल्या त्यांत निभावलें. बाजीरावी अमलांत मामलती मक्त्यानें दिल्या जात. तो मक्ता इंग्रजांनीं बंद केला व ठरीव पगाराचे मामलेदार नेमले. त्यांच्या कचेऱ्यांना जमाबंदीचा हिशेब जाणणारा माणूस हवाच होता. बोरू तोच, मोडी तीच; वरची सही तेवढी बदलली.

शिलेदाराला असा आसरा नव्हता. घोडें स्वतःचें, आणि त्याला दाणावैरण तर रोज हवी. १८१७ सालीं उभारलेल्या 'पूना हॉर्स' सारख्या रिसाल्यांत थोड्यांची सोय झाली; बहुतेकांना नांगराखेरीज वाट उरली नाहीं.

कित्येक किल्ल्यांची राखण रामोशांकडे परंपरेनें असे. किल्ले गेले, तशी ती राखणही गेली. त्यांच्यांतला उमाजी नाईक १८२० नंतरच्या दशकांत बंडास उभा राहिला. मध्यंतरीं सरकारनें त्याला माफी देऊन चाकरींत घेतलें. तें टिकलें नाहीं. १८३१ सालीं तो पकडला गेला व पुढें पुण्यांत फांसावर चढला. सरकारी कागद त्याला दरोडेखोर म्हणतात. वंशपरंपरेचें काम गेलेल्या माणसाची कैफियत त्या कागदांच्या ओळींमधून शोधावी लागते.

कांहींनीं जुना धनीच धरून ठेवला. मोरोपंत तांबे बाजीरावाचे बंधु चिमाजीआप्पा यांजबरोबर काशीस राहिले आणि आप्पांच्या मृत्यूनंतर ब्रह्मावर्तास आले. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे हे वडील. एका चाकरमान्या कुटुंबाच्या या स्थलांतरानेंच मराठी मुलगी उत्तरेंत वाढली.

शास्त्र्यांसाठीं १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. त्या पिढींतल्या कांहीं विद्वानांना मुंबईस कोशाचें नवें काम मिळालें. शास्त्रीमंडळींचा मराठी कोश १८२९ सालीं, तर मोल्सवर्थचा १८३१ सालीं बाहेर पडला. फडणीस, चिटणीस, सबनीस हे हुद्दे पुण्याच्या दरबाराबरोबर गेले होते. मोल्सवर्थच्या पानांवर ते शब्द अर्थासह नीट लावून ठेवलेले आढळतात.